भात मोकळा करणारा हात

मोहर्लीच्या रस्त्यावरच्या त्या गावात लग्न असो, बारसं असो की तेरवी, रांधायचं बोलावणं मुखरूलाच जायचं. वांग्या-आलूची भाजी, कढी, बुंदी हे सगळं तो करायचाच, पण लोक यायचे ते त्याच्या भातासाठी. भात शिजला की दोन गडी गंज, म्हणजे भाताचं मोठं पातेलं, उचलून धुतलेल्या पांढऱ्या कापडावर पालथा घालायचे. मग मुखरू बाह्या सरकवायचा, त्या वाफाळत्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा आणि भात मोकळा करायचा. उलथण्यासारखा सराटा होता, झारा होता, पण त्यांनी भात उकरणं म्हणजे त्याला भाताचा अपमान वाटे. कोणी विचारलं, "हात पोळत नाई का गा?" तर म्हणायचा, "पोळते ना. म्हून तं चव येते." या बोलण्याला काही अर्थ नव्हता, पण लोकांना ते पटायचं. मुखरूचा हात फिरला म्हणून भात गोड लागतो, असं म्हणत माणसं दुसऱ्यांदा पत्रावळ पुढं करायची.

त्याची बायको मनकर्णा हे ऐकून नाक मुरडायची. "हा मानूस साऱ्या गावाले रांधून घालते, आन घरी पान्याचा गिलास बी मीच देऊ," असं ती चारचौघींत बोलायची. पण पंगत बसली की कोणीतरी भाताची तारीफ करेपर्यंत तिच्या गळ्याखाली घास उतरत नसे. नवऱ्याचं कौतुक ऐकायला तिला फार आवडायचं, आणि ते आवडतं हे कोणाला कळू नये असंही तिला वाटायचं.

मागच्या वर्षी ऐन लग्नसराईत मुखरूच्या पोटात दुखू लागलं. पंगती पुढं उभ्या होत्या. त्यानं ओवा चघळला, पोटाला पंचा आवळून बांधला आणि "एवढी पंगत उठू दे" म्हणत राहिला. एक पंगत उठली, दुसरी उठली, आणि तिसऱ्या दिवशी तो चुल्ह्यापाशीच आडवा झाला. आतडं फुटलं होतं. चंद्रपूरहून त्याला नागपूरला नेलं. पोट फाडलं, शिवलं, पू झाला म्हणून पुन्हा उघडलं. कितीतरी दिवस तो काचेच्या पलीकडे नळ्यांमध्ये पडून होता. एक अँटिबायोटिक लागू पडेना की दुसरं, ते संपलं की त्याहून भारी असं चाललं होतं.

त्या भागात रोग्याला एकटं सोडायची रीत नाही. टेम्पो भरून माणसं नागपूरला यायची, गेटवरच्या शिपायाशी भांडायची, जिन्यात फडकं पसरून बसायची, आणलेली भाकर तिथंच खायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांना पाठवून द्यायची. या सगळ्यांच्या पुढं म्हातारा सोमाजी असायचा. गावात कोणाचंही लग्न असलं तरी पंगत कुठं बसेल, वाढायला कोण, आधी कोण बसेल, हे सोमाजी ठरवायचा. दवाखान्यातही तो तेच करायचा. शिपाई त्याला ओरडायचा आणि शेवटी त्याच्याच डब्यातली भाजी खायचा. या माणसांनी मनकर्णाला एक दिवसही एकटं पडू दिलं नाही. तिला त्यांचा केवढा आधार वाटला होता! पुढं हाच आधार तिच्या आड येणार होता, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक?

मुखरू वाचला. सुट्टी मिळायच्या दिवशी दीपिका मॅडम नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मनकर्णाला बाजूच्या खोलीत बसवलं.

"बाई, नीट ऐका. यांच्या आतड्यात काही जंतू राहिलेत. इतकी औषधं द्यावी लागली ना, त्यात साधे जंतू मेले आणि औषधांना दाद न देणारे तेवढे शिल्लक राहिले. आत्ता ते गप्प आहेत. त्यांचा यांना काही त्रास नाही."

"मंग औषध देजा ना त्याचं."

"गप्प बसलेल्यांना औषध द्यायचं नसतं. दिलं तर आणखी निर्ढावतात. ते काही महिने राहतील, वर्षभरही राहतील, हळूहळू जातीलही. तोवर दोनच गोष्टी. संडासहून आल्यावर आणि अन्नाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे, अगदी घासून. घरातल्या सगळ्यांनीच. शिजलेल्या अन्नात हे जंतू टिकत नाहीत, पण हाताला असू शकतात."

मनकर्णानं मान हलवली.

"आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची." डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला. "यांना कधी ताप आला, थंडी भरली, की ज्या दवाखान्यात न्याल तिथं सगळ्यात आधी हे सांगायचं. कागदावर लिहिलंय, पण घाईत कागद घरी राहतात. तुम्ही तोंडानं सांगा. नाही सांगितलं तर ते नेहमीचं औषध सुरू करतील, ते चालणार नाही, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत मोलाचा वेळ जाईल. काय सांगाल? म्हणून दाखवा."

मनकर्णानं शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं. "यायच्या पोटात औषध न चालनारे जंतू हायेत. नागपूरले सांगतलं होतं."

"शाब्बास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परत येताना गाडीत मुखरू खिडकीला डोकं टेकून बसला होता. ड्रायव्हरच्या शेजारी त्यांचा मुलगा निकेश झोपला होता. तो ताडोब्याच्या गेटवर जिप्सी चालवायचा. मनकर्णानं हळू आवाजात नवऱ्याला सगळं सांगितलं. वरोरा मागं पडल्यावर तो म्हणाला, "बिरजू आठवते का तुले?"

बिरजू आठवत नाही असं कोणीच नव्हतं. तो शेजारच्या गावचा आचारी. त्याच्या हातांवर पांढरे डाग उठले. ते डाग लागत नाहीत, हे तो सांगून थकला. एका लग्नात पाहुण्यांपैकी कोणीतरी काहीतरी कुजबुजलं आणि भरली पंगत उठून गेली. रांधलेला भात बैलांना घातला. त्यानंतर बिरजूनं कधी सराटा हातात धरला नाही. आता तो शिंदीच्या पानांचे फडे, म्हणजे झाडू, बांधतो आणि कोणी लग्नाला बोलावलं तर जात नाही.

"मेलो असतो तं चाललं असतं," मुखरू म्हणाला. "पन पंगत उठून गेली तं मी काय करू? पोटात जंतू हायेत म्हनशीन, तं लोक किडे म्हनतीन. गावच्या मानसासमोर हे बोलाचं नाई."

"डॉक्टरले तं सांगा लागन."

"डॉक्टरले सांग ना. गावच्या एका बी मानसाच्या कानावर जाऊ देऊ नको. निकेशले बी नाई, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाई. माह्या गळ्याची आन हाय तुले." आणि त्यानं तिचा हात घेऊन स्वतःच्या गळ्यावर ठेवला. गळा इतका वाळला होता की तिनं पटकन हो म्हणून टाकलं. त्या वेळी त्यानं काहीही मागितलं असतं तरी तिनं हो म्हटलं असतं.

गावात मुखरू साहेब होऊन आल्याची बातमी पसरली. कारण काय, तर साबण! न्हाणीत साबण, चुलीपाशी साबण, सदऱ्याच्या खिशात कागदात गुंडाळलेली वडी. संडासहून आला की तो कोपरापर्यंत फेस करायचा, नखांत काडी घालायचा आणि पुन्हा धुवायचा. त्याच्या हातांची सालं निघाली. निकेश चिडवायचा, "बाबा, हात हायेत का गंज?" बाया म्हणायच्या, "मनकर्णे, नागपूरची हवा लागली वो तुह्या नवऱ्याले." मनकर्णा हसायची. हसता हसता ती विषय बदलायची.

दिवाळीनंतर तो पुन्हा रांधायला जाऊ लागला. पहिल्याच पंगतीला कापडावर भात पालथा घातला, गडी बाजूला झाले, बायका बघायला पुढं सरल्या. आणि मुखरूनं सराटा उचलला. सराट्यानं त्यानं भात फोडला, झाऱ्यानं पसरला. मनकर्णा विहिरीपाशी उभी राहून पाहत होती. तो भाताकडे बघतसुद्धा नव्हता.

"हात नाई घालत काऊन गा?" कोणीतरी ओरडलं.

"आप्रेशनपासून हात थरथरते," तो म्हणाला.

लोकांनी ते मानलं. भात तोच होता, तांदूळ तोच, तरी माणसं म्हणाली की पहिल्यासारखी चव नाही. घरी येऊन मुखरू भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याच्या पाठीवर हात ठेवायला मनकर्णा गेली आणि थांबली. त्याला कोणाची कीव आलेली खपत नसे. तिला मात्र त्या रात्री फार रडू आलं.

तिनं नागपूरला असताना नवस बोलला होता. हा माणूस पायांनी चालत घरी आला तर मार्कंड्याच्या यात्रेत त्याच्याच हातनं रांधलेला भंडारा घालीन. महाशिवरात्रीला सारं गाव ट्रॅक्टर-टेम्पोत बसून मार्कंड्याला गेलं. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी वैनगंगेच्या रेतीत चुल्हे खणले, गंज चढवायची तयारी झाली, आणि आचारीच गायब! मनकर्णानं पाहिलं तर मुखरू पाण्याच्या काठाशी होता. सोबत सोमाजी आणि गावातली चार म्हातारी माणसं बसली होती. मुखरू उभ्यानं काहीतरी बोलत होता, हात हलवत होता. दुरून काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ झाला. मग सोमाजी उठला, त्यानं मुखरूच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि सगळे परत आले.

मुखरूच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं होतं. देवाचं दर्शन घडलं म्हणून असेल, असं मनकर्णाला वाटलं. त्या दिवशी चुल्ह्यापाशी तो गुणगुणत होता. सराट्यानं भात मोकळा करतानाही गुणगुणत होता. पंगतीत पहिला मानकरी सोमाजी बसला, आणि मुखरूनं स्वतः त्याला वाढलं. परतताना मुखरू तिला म्हणाला, "एक गोष्ट सांगाची हाय तुले. घरी गेल्यावर सांगतो. हासशीन तू मले." घरी गेल्यावर गाय व्यायली, मग हरभऱ्याची काढणी आली, आणि ती गोष्ट राहून गेली. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

मोहफुलं गळायच्या दिवसांत मुखरूला लघवीला जळजळू लागलं. दोन दिवस त्यानं कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी भर उन्हात त्याला अशी थंडी भरली की खाटेचे पाय वाजू लागले. मनकर्णानं वाकळ घातली, वर तिचं लुगडं घातलं, तरी दात वाजत होते. तो असंबद्ध बोलू लागला. भात लागतो आहे, खालची लाकडं ओढा, असं काहीतरी. निकेश जिप्सी घेऊन आला. घाईत नागपूरचे कागद पेटीतच राहिले, पण मनकर्णा घाबरली नाही. तिला वाक्य पाठ होतं. सारा रस्ता ती ते मनात म्हणत होती.

चंद्रपूरच्या दवाखान्यात ते पोहोचेपर्यंत मागून टेम्पो आला. सोमाजी, दोन चुलत दीर, शेजारच्या बाया, सगळे खाटेभोवती उभे राहिले. तरुण डॉक्टर आला, नाडी पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या.

"याआधी काही मोठा आजार?"

"नागपूरले आप्रेशन झालतं आतड्याचं," मनकर्णा म्हणाली.

"तिथं काही विशेष सांगितलं होतं? कुठलं औषध चालत नाही वगैरे?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. सोमाजी अगदी डॉक्टरच्या खांद्याशी उभा होता. वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. तिला मुखरूचा वाळलेला गळा आठवला, बिरजूच्या अंगणातले फडे आठवले. आत्ता बोलले तर संध्याकाळपर्यंत गावात जाईल. हा बरा होऊन घरी येईल आणि कोणी त्याला रांधायला बोलावणार नाही. तो तसा जगेल का? जगला तरी मला माफ करेल का? जराशानं सांगू, डॉक्टरला बाजूला घेऊन सांगू.

"नाई," ती म्हणाली. "तसं काई नाई सांगतलं."

डॉक्टरनं सुई टोचायला सांगितली, बाटली लावली, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. सोमाजी एकटक मनकर्णाकडे पाहत होता. मग एकदम म्हणाला, "चाला रे, चाय पिऊन येऊ सगळे. गर्दी नका करू." आणि त्यानं साऱ्यांना बाहेर काढलं.

आता सांगायचं! ती डॉक्टरला शोधायला धावली. पण तेवढ्यात घुग्घुसकडून ट्रकखाली सापडलेली दोन माणसं आणली होती आणि तरुण डॉक्टर रक्तानं माखलेल्या हातांनी तिकडे गुंतला होता. तिनं दारातून हाक मारली. "बाई, थांबा जरा," कोणीतरी म्हणालं. ती थांबली. तेवढ्यात आपली माणसं चहा पिऊन परत आली.

दुसऱ्या दिवशी दुसरा डॉक्टर होता. तो आला तेव्हा खाटेपाशी शेजारच्या बाया होत्या. तिनं त्यांना पाणी आणायला पाठवलं, तर एक गेली आणि दुसरी तिचा हात धरून बसली, "तुले एकटं नाई सोडत वो मी." डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला. ती त्याच्या मागं गेली, तर चुलत दीर काळजीनं तिच्या मागं आला. किती चांगली माणसं होती ती! एकानंही तिला एकटं सोडलं नाही. त्या दिवशी ताप थोडा उतरल्यासारखा वाटला आणि तिनं स्वतःची समजूत घातली की औषध चालतं आहे. मन असं फसवं असतं. जे सांगायचं भय वाटतं, ते सांगायची गरजच नाही, असं ते आपल्याला पटवून देतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुखरूचे हातपाय गार पडले, लघवी बंद झाली. त्याला आयसीयूत हलवलं. तिथं एकाच माणसाला आत जायला परवानगी होती. दार बंद झालं, गाव बाहेर राहिलं, आणि मनकर्णा तिथल्या मोठ्या डॉक्टरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"यायच्या पोटात औषध न चालनारे जंतू हायेत," ती म्हणाली. "नागपूरले सांगतलं होतं."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग नर्सला हाक मारून भराभर काहीतरी सांगू लागला. लॅबचा निकालही त्याच दुपारी आला आणि त्यात तेच होतं. नवीन औषध नागपूरहून मागवलं, निकेश ते आणायला धावला, संध्याकाळी ते सुरू झालं.

"पयल्या दिवशी सांगतलं असतं तं?" तिनं विचारलं.

डॉक्टर रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही. "सांगता येत नाही, बाई," तो म्हणाला. "कदाचित."

मुखरू दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. शेवटपर्यंत त्याला शुद्ध आली नाही. ती त्याचे हात हातात घेऊन बसली होती. सालं निघालेले, साबणानं पांढरे पडलेले हात. त्यांना कसलाच वास नव्हता, ना मसाल्याचा ना धुराचा. तिला तेच सहन झालं नाही.

तेरवीला मांडव घातला. रांधायला मूल गावाकडचा आचारी आला होता. मनकर्णा आतल्या खोलीत बसून होती. इतके दिवस तिनं कोणाशी शब्द काढला नव्हता. लोक म्हणत होते, दुःखानं वाचा गेली. दुःख होतंच, पण त्याहून मोठं काहीतरी तिच्या छातीवर बसलं होतं. नवऱ्याला तिनं मारलं होतं, असं तिला वाटत होतं. आणि ज्या लोकांच्या भीतीनं मारलं, ते तिचं सांत्वन करत होते. तेही फसवून घेतलेलं सांत्वन. बाहेर भात पालथा घालायचा आवाज आला. तिनं ठरवलं. आज सांगायचं. पंगत उठली तर उठो. आता कोणाचं रांधणं थांबणार आहे?

तिनं सोमाजीला आत बोलावलं. तो दाराच्या चौकटीशी बसला.

"सोमाजीभाऊ, एक सांगाचं हाय. मंग तुमाले वाटन ते करजा. यायच्या पोटात जंतू होते. नागपूरहून घेऊन आले होते. तसेच तुमाले रांधून घातलं त्यायनं. मले मालूम होतं. मी बोलली नाई."

सोमाजी खाली पाहत राहिला. पागोट्याच्या टोकानं त्यानं तोंड पुसलं.

"आमाले मालूम होतं, बाई," तो म्हणाला.

"काय मालूम होतं?"

"हेच. मार्कंड्याले सांगतलं त्यानं. चुल्हा पेटवाच्या आंधी आमाले बुढ्याइले नदीवर नेलं आन सांगतलं. म्हने, देवाच्या दारात चोरून नाई खाऊ घालत कोनाले. तुमी नाई म्हना, मी सराटा ठेवून देतो. मी म्हनलो, शिजल्या भातात काई नाई ना? तो म्हने, नाई, हातात असते. मी म्हनलो, मंग हात धू आन रांध, भाताले तेवढा हात लावू नको. संपलं. बिरजूची पंगत उठली तवा मी बी उठलो होतो, बाई. दुसऱ्यांदा नाई उठत मी."

मनकर्णा पुढं सरकली. "मले काऊन नाई सांगतलं त्यायनं?"

"तुले आन घातली होती म्हने, आन सोताच मोडली. लाजत होता. म्हने, सवडीनं सांगतो तिले, हासन ती मले."

बाहेर कोणीतरी पत्रावळी मोजत होतं. मनकर्णानं भिंतीला पाठ टेकली.

"मंग दवाखान्यात," ती म्हणाली, "डॉक्टरनं विचारलं तवा तुमी उभेच होते ना? काऊन नाई बोलले, भाऊ? काऊन नाई?"

सोमाजीनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "डॉक्टरले सांगा लागते, हे मले कोठी मालूम? मले वाटलं, हात धुवाचं तेवढंच हाय. तू माह्याकडे पाहून पाहून थांबत होतीस. मले वाटलं, बाईमानसाचं काही असन, आमच्यासमोर बोलाले लाजून राह्यली. म्हून तं सगळ्याइले चायले नेलं मी. तुले मोकळं बोलता यावं म्हून."

मनकर्णा मोठ्यानं रडू लागली. मुखरू गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. बाया धावत आल्या आणि सोमाजीनं हातानंच त्यांना दारात थांबवलं. म्हातारा स्वतःही रडत होता, आणि ते लपवायचा प्रयत्न करत नव्हता.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं. "त्या दिवशी मार्कंड्याले," तिनं विचारलं, "सारं मालूम असून जेवले तुमी?"

"दोनदा मांगून खाल्लो," सोमाजी म्हणाला. "त्यानंच वाढलं."

मांडवातून हाक आली, भात झाला, मानकरी बसा. सोमाजी गुडघ्यावर हात टेकून उठला आणि पहिल्या पत्रावळीवर जाऊन बसला.